हातावरचा गूळ

महाळुंगे पडवळ
१२ जून १९९८

प्रिय प्रज्ञा,

लग्नात तू मागच्या रांगेत बसलीस आणि जेवल्यावर मला न भेटता निघून गेलीस, त्याबद्दल आधी भांडून घेते. झालं भांडण. आता ऐक.

इथे घर म्हणजेच कारखाना. अंगणाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये पाइपाची मशिनं. "निम्म्या तालुक्याच्या द्राक्षबागा आपल्या पाइपानं पाणी पित्यात," हे वाक्य मामंजी प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. मामंजी म्हणजे माझे सासरे, गेणभाऊ शेठ. मशिनं हे बघतात. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं नाव ठकूबाई, पण तोंडावर ते घ्यायची कुणाची छाती नाही.

मला दोन कामं लागलीत. मामंजींना इंग्रजी कागद वाचून दाखवायचे. बारावीला इंग्रजीत काठावर पास झालेली मी इथे बॅरिस्टर आहे! दुसरं काम, रोज चार वाजता कामगारांना गूळ वाटायचा. गूळ खाल्ला की छातीत गेलेली धूळ खाली उतरते, अशी इथली समजूत आहे. नव्या सुनेच्या हातानं वाटला तर बरकत येते, म्हणून ताट माझ्याकडे आलं.

परवा मिक्सिंगच्या, म्हणजे पाइपासाठी पावडर कालवतात त्या शेडपाशी गेले तर रांगेत तुझे बाबा. पापण्यांपर्यंत पांढरे झालेले. मी ओळखलंच नाही. त्यांनीच हळू विचारलं, "अश्विनीबाय, बरी हायेस न्हवं?" मागून आत्याबाई म्हणाल्या, "वरून टाक गं खडा. हाताला हात लावायचं काय कारण?" मी ऐकलं नाही. काकांच्या तळहातावर चांगला मोठा खडा ठेवला. त्यांनी तिथेच तोंडात टाकला, बोटं चाटली आणि म्हणाले, "लेकीच्या हातचा हाय, वाया कशाला घालवू?"

तुला बरं वाटावं म्हणून कळवते. तुझ्या बाबांवर माझं लक्ष आहे. मी अजून एकही कोरा कागद टाकत नाही, पाठकोरे कागद पेटीत साठवते. तू हसायचीस ती सवय सुटलेली नाही.

तुझी,
अश्विनी


पिंपळवंडी
२ जुलै १९९८

प्रिय अश्विनी,
सप्रेम जयभीम.

मागच्या रांगेत बसले कारण पुढच्या रांगेत कुणी बस म्हटलं नाही. तुझा दोष नाही, म्हणून रागही नाही. पण तू भांडण काढलंस, तर कारण लपवणं मला बरं वाटत नाही.

बाबांनी गुळाची गोष्ट घरी दोनदा सांगितली. आई म्हणाली, "शेठच्या सुनेनं हात लावला म्हणून एवढं काय?" बाबा म्हणाले, "शेठची सून नंतर. आधी ती आपल्या वट्यावर बसून पाढे म्हणणारी पोर हाय."

तुला आठवतं, मी एकदम चौथीत आले होते. त्याआधी बाबा कालव्याच्या कामावर होते आणि आमचं बिऱ्हाड कालवा सरकेल तसं सरकत होतं. शाळा कुठली? बाबा कामावरून आले की पाटी घ्यायचे. माझ्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवून अक्षर गिरवायचे. आधी कच्च्या वहीत लिहायचं, ती त्यांनी तपासायची, चुकीवर फुली मारायची, मगच पक्कं लिहायचं. खोडदला त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्यांच्या वसाहतीत बालवाडी शिकवते, तरी मी अजून पत्रसुद्धा आधी कच्चं लिहिते. बाबा अजून ती वही कधीमधी उचलून बघतात.

एक काळजी आहे. महिनाभर त्यांच्या पोटात पीळ पडतो. परसाकडे चार-चार दिवस होत नाही. चेहरा उतरलाय. गुळाचा अर्धा खडा ते रुमालात बांधून घरी आणायचे. मुंग्या लागतात म्हणून मी रागावले आणि सांगितलं, "तिथंच खाऊन या, पोटाला आधार होईल." आता तिथेच खातात. तूही लक्ष ठेवून खायला लाव.

तुझी,
प्रज्ञा


महाळुंगे पडवळ
२४ ऑगस्ट १९९८

प्रिय प्रज्ञा,

रागावणार नसशील तर एक लिहिते. रागावलीस तरी लिहिते, कारण मैत्रीण म्हणून लपवणं बरं नाही.

तुझे बाबा, बाजीरावकाका, बारा दिवस कामावर नाहीत. काल जेवताना यांनी विषय काढला. मामंजी म्हणाले, "बाजीरावला बाटली लागली आता. पोट धरून बसतोय, हात कापतोय. ही लक्षणं कशाची असत्यात? मला काय शिकवू नका." बाहेर कामगारांपुढेही ते तेच बोलले. मिक्सिंगमधला जानकू तेवढा म्हणाला, "न्हाई शेठ, बाजीरावभाऊ चहासुदिक अर्धा पितो." तर मामंजी म्हणाले, "मग तू पितोस का त्याच्या वाटणीची?" सगळे हसले. जानकूही हसला, दुसरं काय करणार?

मला खरं वाटत नाही. पण माणूस दुखण्यानं कंटाळून कधी घेतही असेल. तसं असलं तर तू ओरडू नकोस, समजावून सांग. दहा वर्षांची असल्यापासून तू त्यांना मास्तरणीसारखी दटावत आलीस.

काकांची जागा मामंजींनी भरली. मी आडवं बोलून पाहिलं, पण नव्या सुनेचं कोण ऐकतं? रागावू नकोस गं.

तुझी,
अश्विनी


पिंपळवंडी
९ ऑक्टोबर १९९८

प्रिय अश्विनी,
सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला. बाबांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात अठरा दिवस ठेवलं होतं. त्यांच्या उजव्या हाताला वारं गेल्यासारखं झालंय. औषध चालू आहे.

बाबा पीत नाहीत. हे तुझ्या मामंजींना तू सांगू नकोस. वेळ आली की मी सांगेन.

एक काम होतं. बालवाडीतल्या मुलांना बसायला जाड पोती हवीत. मिक्सिंगच्या पावडरीची रिकामी पोती मजबूत असतात, असं बाबा सांगायचे. दोन पाठवशील? धुवायचे कष्ट घेऊ नकोस. मी धुऊन घेईन.

तुझी,
प्रज्ञा


[कच्च्या वहीतून. त्याच दिवशी लिहिलेलं. पक्क्या पत्रात घेतलं नाही.]

वारं गेलेलं नाही. शिसं गेलंय अंगात.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांचा ओठ अंगठ्यानं वर केला. हिरडीच्या कडेनं निळी-काळी रेघ, पेन्सिलीनं आखावी तशी. त्यांनी विचारलं, "बॅटरीच्या कारखान्यात आहात का? रंगाच्या?" बाबा म्हणाले, "न्हाई बाई, पायपाच्या." रक्त तपासलं तर शिसं. पोटातला पीळ त्याचा, फिक्कटपणा त्याचा, हात पडला तोही त्यामुळेच. बोटं मिटतात, पण मनगट वर होत नाही. पंजा खाली लोंबत राहतो. माझ्या मुठीवर ठेवायचे तोच हात.

मी गेणभाऊंकडे गेले होते. अश्विनी त्या दिवशी घरी नव्हती आणि तिला कुणी सांगितलेलंही दिसत नाही. ओट्यावर उभी राहून विचारलं, "पावडरीत शिसं आहे का?" ते हसले. "शिसं पेन्सिलीत असतंय, मास्तरीणबाय. ही पावडर शंखजिऱ्याची. बारक्या पोरांच्या अंगाला लावत्यात ती." मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. त्यांनी तो हातात घेतलाच नाही. "बापाची बाटली लपवून ठेव, हात आपोआप बरा व्हईल."

ओट्यावरची चार माणसं हसली.

मी घरी येऊन शांतपणे विचार केला. रागात काही लिहायचं नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून दोन दिवस थांबून लिहिते. मला त्यांची माफी नको. त्यांनी चारचौघांत, त्याच पावडरीनं भरलेल्या हातातला गुळाचा खडा घ्यावा आणि खाऊन दाखवावा, आणि मी समोर उभी राहून बघावं. एवढंच हवं. हे मागणं वाईट आहे, मला कळतं. तरी खोडत नाही.

अश्विनीला खरं सांगत नाही. ती त्या घरात राहते, आणि तिच्या पोटात गोष्ट राहत नाही.


महाळुंगे पडवळ
३ नोव्हेंबर १९९८

प्रिय प्रज्ञा,

दोन पोती गोरखच्या हाती पाठवते. भाऊ असून नसल्यासारखा, तुझ्याकडे पोचवायला चार दिवस लावेल.

काकांच्या हाताचं वाचून जेवण गेलं नाही. चार वाजता रांगेसमोर गेले की त्यांच्या जागेवर उभ्या असलेल्या माणसाकडे बघवत नाही.

आता माझी बातमी. तिसरा महिना लागलाय! दोन घरांबाहेर पहिली तुलाच सांगते. आत्याबाईंचा आवाज एकदम मऊ झालाय. मला धान्याच्या खोलीत पाटावर बसवून, हे खा ते खा चाललंय. बाजरीची भाकरी रोज. ती बाजरीही तुला पाठवलीय तसल्याच पोत्यांत भरून ठेवतो आम्ही. आत्याबाई म्हणतात, ह्या पोत्यात धान्याला कीड लागत नाही. कडुनिंबाचा पाला नको, राख नको. गेली चार वर्षं एक किडा दिसलेला नाही.

मुलगी झाली तर नाव तू सुचव. मुलगा झाला तर मामंजींनी आधीच ठरवून टाकलंय.

तुझी,
अश्विनी


पिंपळवंडी
२६ नोव्हेंबर १९९८

प्रिय अश्विनी,
सप्रेम जयभीम.

बातमी वाचून आनंद झाला. पोती मिळाली, आभारी आहे. जड उचलू नकोस. दूध घेत जा. नावाचा विचार करते.

तुझी,
प्रज्ञा


[कच्च्या वहीतून. २६ नोव्हेंबर. पाठवलं नाही.]

दोन्ही पोत्यांच्या तोंडाशी शिवणीत लेबल असतं. दोन्हींचं कात्रीनं कापलेलं आहे. दोऱ्यात कागदाची कड तेवढी अडकून राहिलीय. चुकून फाटलं असतं तर एकाचं फाटलं असतं. त्यांना माहीत आहे.

शिवण उसवून आतली पावडर मी चिमूटभर काढली. माझ्या बालवाडीतल्या एका मुलाच्या आईचे भाऊ कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, त्यांच्याकडे पाठवली होती. आज उत्तर आलं. शिशाचा क्षार. पाइप उन्हात आणि मशिनच्या उष्णतेत टिकावा म्हणून घालतात. पोटात गेला की हाडात जाऊन बसतो. बाईच्या अंगातून पोटातल्या बाळात उतरतो.

म्हणूनच त्या पोत्यात कीड जगत नाही.

मी दुपारी पुण्याला जाऊन कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत अर्ज दिला. बाबांना बरोबर नेलं होतं. सहीची जागा दाखवली तर त्यांचा हात कागदावर नुसता पडला. ज्यांनी मला अ काढायला शिकवलं, त्यांनी तिथे अंगठा उठवला. साहेब म्हणाले, "तीन महिन्यांच्या आत न कळवता येईन. तोवर कुठे बोलू नका. पावडर बदलली आणि पोती जाळली तर मला शेडमध्ये काही सापडायचं नाही."

म्हणजे अश्विनीला आज सांगितलं, तर ती सासूला सांगणार, सासू शेठला. संध्याकाळपर्यंत पोती जळतील. बाबांच्या हाताचा पुरावा जळेल आणि शेठ ओट्यावर बसून हसेल.

नाही सांगितलं, तर ती रोज ती भाकरी खाईल.

मी किती वेळ ही दोन वाक्यं पुढे-मागे करते आहे. खरं ते लिहिते. यातलं दुसरं वाक्य लिहिताना मला एक क्षण बरं वाटलं. गेणभाऊंचं नातवंड आहे ते. माझ्या घरात जे उतरलं ते त्यांच्या घरात उतरू दे, असं मनात आलं. आलं आणि गेलं नाही.

आज सांगत नाही.


पिंपळवंडी
२५ डिसेंबर १९९८

अश्विनी,

हे पत्र एकटी असताना वाच. आधी हे कर. त्या पोत्यांतली बाजरी आजपासून खाऊ नकोस. पोत्यांना हात लावू नकोस. तुझ्या यजमानांचे कामाचे कपडे तू धुऊ नकोस. शक्य तितक्या लवकर पुण्याला जाऊन रक्तातलं शिसं तपासून घे. कुठल्या दवाखान्यात, कोणत्या बाईंकडे, ते मागच्या पानावर लिहिलं आहे.

पोत्यांत शिशाची पावडर होती. बाबांचा हात त्यानंच गेला.

आता पुढचं. मला हे २६ नोव्हेंबरला कळलं. आज २५ डिसेंबर आहे. मी एकोणतीस दिवस तुला सांगितलं नाही. विसरले नव्हते. रोज सकाळी आठवायचं आणि रोज मी ठरवून गप्प राहायचे. कारण माझ्या कच्च्या वहीत आहे. ती वही सोबत पाठवते. सगळी वाच. तुझ्याबद्दल वाईट लिहिलंय तेही फाडलेलं नाही.

आज लिहिते, त्याचंही श्रेय माझं नाही. काल बाबांनी वही उचलली. मी बालवाडीतून आले तर ते ओट्यावर बसलेले, वही मांडीवर. २६ तारखेच्या पानावर पेन्सिलीनं फुली मारलेली होती. डाव्या हातानं मारलेली, वाकडी, पण पानाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "त्या पोरीनं माझ्या हातावर हात ठेवून गूळ दिला व्हता. पक्कं लिव्ह. आत्ता लिव्ह."

निरीक्षक अजून आलेले नाहीत. तू घरात सांगितलंस तर आमचा अर्ज वाया जाईल. सांगू नकोस असं मी म्हणणार नाही. तो हक्क मी एकोणतीस दिवसांपूर्वीच घालवला. ठरव ते तू ठरव.

प्रज्ञा


१८ फेब्रुवारी १९९९

प्रज्ञा,

गाव लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. गोरख हे पत्र तुझ्या हातात देईल. त्याला काही विचारू नकोस, मी कुठे राहते ते त्यालाही माहीत नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पहिलं काम केलं ते धान्याच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि ओरडू नये म्हणून पदर तोंडात धरला. मग वही वाचली. सगळी वाचली.

मी घरात सांगितलं नाही. आत्याबाईंना म्हटलं, बाजरीच्या वासानं उलटी येते. पोटुशीला कोण नको म्हणतं? गव्हावर आले. त्यांनाही सांगितलं, माझ्यासमोर ती भाकरी नका करू, मळमळतं. त्यांनीही सोडली. यांचे कपडे कामवाल्या बाईकडेही दिले नाहीत. "तुमचे तुम्ही पिळा, बाळासाठी नवस आहे," म्हटलं. नवसाचा मला फार उपयोग झाला. गुळाच्या रांगेलाही मी तोच लावला. बाळ सुखरूप व्हावं म्हणून हा गूळ प्रसाद आहे, हातपाय-तोंड साबणानं धुतल्याशिवाय कुणी घ्यायचा नाही. मामंजींनी स्वतः साबणाच्या वड्या आणून दिल्या, नातवासाठी. जानकू मला म्हणाला, "वहिनी, पोटातला पीळ जरा कमी झालाय, तुमचा नवस लई कडक हाय बघा." मी हसले. काय सांगणार होते?

मी सांगितलं नाही, त्याचं कारण तुझा अर्ज नव्हता. आता माझं ऐक. तुझ्या वहीत तू लिहिलंस, लेबलं कात्रीनं कापलेली आहेत, त्यांना माहीत आहे. कात्री माझी होती.

लग्न होऊन आठवडा झाला होता. मामंजींनी एक लेबल आणलं, "हे काय बोंबलतंय ते वाच." मी वाचलं. लेड. विषारी. खाण्यापिण्यापासून दूर ठेवा. हाताळल्यावर हात धुवा. गरोदर बाईला याच्याजवळ काम देऊ नका. मराठीत, शब्द न शब्द वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे परदेशातल्या नाजूक माणसांसाठी असतंय. आपली माणसं गूळ खात्यात." दुसऱ्या दिवशी रिकाम्या पोत्यांचा ढीग माझ्यापुढे टाकला. "लेबलं काढ, नुसत्या शंका येत्यात लोकांना." मी काढली. दर आठवड्याला काढत होते. त्याच दुपारी चार वाजता उठून तुझ्या बाबांच्या हातावर गूळ ठेवत होते. मला वाटलं, एवढा मोठा माणूस म्हणतो तर असेल तसं. काकांचा हात गेल्याचं तू कळवलंस तेव्हा मला जेवण गेलं नाही ते त्यामुळे. मला संशय आला होता. मीही गप्प बसले, प्रज्ञा. दिवस मोजले नाहीत एवढंच.

९ तारखेला निरीक्षकसाहेब आले. दुपारी साडेतीनला, जीपमधून, न कळवता. मामंजी त्यांना मिक्सिंगच्या शेडमध्ये घेऊन गेले. मी गुळाचं ताट घेऊन मागोमाग गेले. मामंजी सांगत होते, "साहेब, ही पावडर म्हणजे निव्वळ पीठ. शंखजिरं. आमची माणसं हातानं कालवत्यात, मी बी कालवतो." साहेबांनी विचारलं, "लेबल कुठे आहे?" मामंजी म्हणाले, "येतंच न्हाई लेबल."

जानकू मिक्सरपाशी उभा होता, कोपरापर्यंत पांढरा. मी ताट त्याच्यापुढे धरलं. "जानकूभाऊ, आज हात धुऊ नका. साहेब आलेत, पहिला खडा तुमच्या हातानं मामंजींना द्या."

त्याला कळेना. आजवर त्यानं घ्यायला हात पुढे केला होता, द्यायला कधी केला नव्हता. पण त्यानं खडा उचलला. गूळ पिवळा होता, त्याच्या बोटांचे पांढरे ठसे त्यावर उठले. त्यानं हात पुढे केला.

मामंजी एक पाऊल मागे सरले.

"घ्या की मामंजी. पीठ आहे ना?"

"मला... मला डायबिटीस हाय."

"कधीपासून? काल रात्री डिंकाचे तीन लाडू खाल्लेत तुम्ही."

कुणी हसलं नाही. तुझ्या वेळी ओट्यावर हसले होते ते चौघेही तिथेच होते. मामंजींचे हात पाठीमागे गेले, एकात एक धरलेले. साहेब खड्याकडे बघत होते, मग त्या मागे गेलेल्या हातांकडे, मग लिहायला लागले. जानकू तसाच उभा. शेवटी त्यानं खडा खाली ठेवला आणि स्वतःच्या हाताकडे असा बघायला लागला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग पाण्याच्या टाकीकडे पळाला.

मागून आलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, आपल्या घराला आग लावलीस." मी म्हटलं, "आत्याबाई, धान्याच्या खोलीत बसवून मला काय चारत होतात ते त्यांना विचारा." त्या मामंजींकडे वळल्या. मामंजींनी मान फिरवली. चार वर्षं त्या बाईनंही तीच भाकरी खाल्लीय. तो चेहरा मी विसरणार नाही.

मी साहेबांना लेबलांचं सगळं सांगून जबाब दिला. मिक्सिंगच्या शेडला सील आहे. केस चालेल तितकी चालेल. हे म्हणतात, वडिलांवरची साक्ष मागे घे, नाहीतर परत येऊ नकोस. मी परत जाणार नाही.

तुझं मागणं वहीत वाचलं होतं. त्यांनी खावा असं तुला हवं होतं. खाल्ला असता तर ते वाचले असते गं, माहीत नव्हतं असं तरी म्हणता आलं असतं. न खाऊन अडकले. तू समोर नव्हतीस, म्हणून काही न गाळता लिहिलं.

आता हे कागद उलटे कर. मी पाठकोरे कागद टाकत नाही, तुला माहीत आहे. एकेका लेबलाच्या पाठीवर हे पत्र लिहिलंय, म्हणून इतके तुकडे. प्रत्येकावर तारीख आणि खेपेचा नंबर आहे. बाबा ज्या महिन्यांत कामावर होते तेवढ्यांची वेगळी करून तुला दिली. बाकीची साहेबांकडे आहेत. अर्जाला जोड. बाबांना सांग, मी दिलेला गूळ मला रोज आठवतो.

रक्त तपासलं. शिसं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार नाही, पण बाळापर्यंत किती पोचलं ते जन्मल्याशिवाय सांगता येणार नाही. सहावा चालू आहे. मी रात्रंदिवस वाट बघते. हात-पाय हलवतं तेव्हा मनगटं वर येत असतील का, असा विचार करते.

तुझ्या बाबांसाठी जे करायचं ते मी केलं. मामंजींचं त्यांना मिळालं. माझं मी भोगते आहे. तुझं राहिलं.

बाळंतपण माहेरी करणार नाही. कुठे, ते पिंपळवंडीत कुणाला कळू देणार नाही. बाळ झाल्यावर मी तुला पत्र लिहीन. कसं आहे ते खरं लिहीन, काही लपवणार नाही. पण ते पत्र मी एकोणतीस दिवस माझ्या पेटीत ठेवीन. मगच टपालात टाकीन.

कोणत्या दिवसापासून मोजायचं, ते तुला कळणार नाही.

अश्विनी